देशांची खुशाली

सकाळी कंपनीत पाऊल टाकलं की हातातला जेवणाचा डबा टेबलावर ठेवायच्या आधी पाटोळे सर देशांची खुशाली सांगायचे. "पेरूचं आता ठीक आहे. मोरोक्कोनं हात जरा आखडता घेतलाय. इक्वेडोरचं अजून ठरत नाही, बघू." लांबच्या नातेवाइकांची चौकशी चालावी तसा सूर. नवीन माणूस चक्रावूनच जायचा. मी पहिल्या दिवशी शेजारच्या बाईला विचारलं होतं, यांचे एवढे जावई परदेशात आहेत का म्हणून.

जावई कसले, सरांना मूलबाळच नव्हतं. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. आम्ही वायरलेस बॉक्स बनवतो. साखर कारखान्याचा वजनकाटा एकीकडे आणि ऑफिस दुसरीकडे असलं, की मध्ये वायर ओढत बसण्यापेक्षा दोन खांबांवर आमचे दोन बॉक्स लावायचे, माहिती हवेतून जाते. इथे विकायचे तसे बाहेरच्या देशांतही जायचे. आता हवेतून काहीही पाठवायचं तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. कोणती फ्रिक्वेन्सी वापरायची, किती पॉवरनं, घरातच की उघड्यावरही, सगळं वेगळं. बॉक्स चालू झाला की तो आधी एका तक्त्यात बघतो, मी कोणत्या देशात आहे आणि इथे मला काय करायची मुभा आहे. तो तक्ता बरोबर ठेवणं हे पाटोळे सरांचं काम. आम्ही त्यांना तोंडावर सर म्हणायचो आणि पाठीमागे मंत्री. परराष्ट्रमंत्री एवढं लांबलचक कोण म्हणणार?

तक्ता आमच्या एकट्या कंपनीचा नव्हता. जगभरातली काही मंडळी मिळून तो फुकट चालवत होती, कुणीही घ्यावा आणि वापरावा. सर त्यातले जुने. बाकीच्यांनी केलेली दुरुस्ती सरांच्या नजरेखालून जायची. सरांनी केलेली दुरुस्ती मात्र कुणी तपासायचं नाही. त्यांच्यावर विश्वासच तेवढा होता. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून हा माणूस कुठल्या कुठल्या देशांचं बघतो याची नगरात कुणाला गंधवार्ता नव्हती, आणि त्यांनाही ती सांगायची हौस नव्हती.

मी टेस्टिंगला होते. देवळाली प्रवऱ्याची पोर, डिप्लोमा झालेली, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी सरांना म्हटलं, "सर, या फ्रिक्वेन्सीला लायसन लागत नाही ना? मग कायदा कसला पाळायचा?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "शैला, शिंगणापूरला गेलीयेस ना? तिथं घरांना दारं नाहीत. म्हणून काय तू कुणाच्याही घरात शिरून त्यांच्या चुलीवर चहा टाकतेस का?"  एरवी मला गप्प करणं आमच्या आईलाही जमत नाही.

त्यांचा हेका एकच. त्या देशाच्या सरकारनं छापलेला कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय तक्त्यात अक्षर हलवायचं नाही. इंटरनेटवर कुणी लिहिलंय, दुसऱ्या कंपनीनं असंच केलंय, कुणीतरी फोनवर सांगितलंय, हे सगळं त्यांच्या लेखी पारावरच्या गप्पा. मसुदा असेल तर तोही नको. "मसुदा म्हणजे बघण्याचा कार्यक्रम," म्हणायचे, "लग्न झालं असं धरून अक्षता कशा टाकू?" सेल्सवाल्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. पण सर राजपत्र निघेपर्यंत हलायचे नाहीत, आणि निघालं की त्याच दिवशी जेवण बाजूला ठेवून बसायचे.

कागद परक्या भाषेत असायचा. कॉम्प्युटर भाषांतर करून द्यायचा, पण सरांचं त्यावर भागायचं नाही. मग ते माणूस शोधायचे. नगरला सरांच्या चर्चमधली एक सिस्टर, म्हणजे नर्स, आखातात नोकरीला होती, तिला अरबी कागद पाठवायचे. कुणाचा पुतण्या हंगेरीत शिकायला, त्याला तिकडचे. फोनवर प्रश्न ठरलेला: "बाळा, इथं 'करता येईल' म्हटलंय की 'केलंच पाहिजे'? नीट वाच, मला घाई नाही." ती सिस्टर एकदा सुट्टीवर आली तेव्हा हसत म्हणाली होती, की पेशंटच्या केसपेपरपेक्षा पाटोळे काकांचे कागद जास्त वाचलेत मी.

माणूस म्हणून मात्र अगदी अबोल. परक्या घरी गेले की कुणी बोलल्याशिवाय बोलायचे नाहीत. कामातही त्यांचा तोच नियम होता. बॉक्सला आपण कुठल्या देशात आहोत हे कळत नसेल, तर त्यानं स्वतःहून हवेत काही सोडायचं नाही, आधी ऐकायचं, दुसरं कुणी बोलताना सापडलं तरच बोलायचं. सर स्वतःही तसेच वागायचे. एकदा मी त्यांना आणि काकूंना आमच्या मळ्यात रस प्यायला नेलं. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस, शाळेत मराठी शिकवायच्या; त्या आल्या आल्या आईबरोबर स्वयंपाकघरात. सर ओसरीवर बसले ते बसलेच. आमचे आबा आत येऊन मला हळूच म्हणाले, "तुझं सायेब मुकं हाय का गं?" मी म्हटलं, तुम्ही आधी बोला. आबांनी उसाच्या जातीचं काढलं, आणि मग दोघं दिवेलागणीपर्यंत उठेनात. जाताना आबा म्हणाले, "मानूस लई खोल हाय. पर किल्ली घालावी लागती."

रेंजवरून भांडणं व्हायची. बॉक्सची पॉवर कायद्याच्या आत ठेवली की रेंज कमी, आणि रेंज कमी की गिऱ्हाईक ओरडणार. त्यावर एक चोरवाट सगळ्यांना माहीत असते. बॉक्सला सांगायचं की तू अमक्या देशात आहेस, जिथं जास्त पॉवरला परवानगी आहे, की तो बिचारा खरं मानून ओरडायला लागतो. सेल्सचा एक साहेब सरांना म्हणाला, "सर, कोण बघायला येतंय? देश बदलून द्या ना." सरांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि रडारचं सांगितलं. आपण वापरतो त्यातल्या काही फ्रिक्वेन्सींवर विमानतळाजवळची हवामानाची रडारं ऐकत असतात. आपण तिथं ओरडलो की त्यांच्या पडद्यावर नसलेला पाऊस दिसतो, आणि असलेला दिसत नाही. "विमान उतरवणाऱ्याला तुझी रेंज कशाला दाखवतोस?" असं विचारलं त्यांनी. आवाज चढवला नाही. पण तो साहेब पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

नाताळात काकू करंज्यांचा मोठा डबा पाठवायच्या. सर तो घेऊन प्रत्येक टेबलाशी जायचे, आमच्या मालकांपासून वॉचमनपर्यंत. माझ्या टेबलाशी आले की म्हणायचे, "तुला दोन. एक तोंड बंद ठेवायला, एक उघडल्यावर." असा चेष्टेचा मूड वर्षातून एकदाच.

मग कधीतरी खुशाली बिघडायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी सांगितलेलं पेरूचं बुधवारी पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "त्या सिस्टरचं लग्न झालं का गं?" तिची मुलं कॉलेजात होती. मी थट्टेत उत्तर दिलं, तेही हसले. त्यांचं हसू नेहमीपेक्षा थोडं जास्त लांबलं, हे मला त्याच वेळी जाणवलं होतं.

आणि एक दिवस मेल आला. कोणत्या देशातून ते लिहीत नाही, तिथल्या माणसांना कशाला ताप. तिथल्या एका प्राध्यापकानं फार सौजन्यानं विचारलं होतं, की तुमच्या तक्त्यात आमच्या देशाचा जुना नियम परत कसा आला? मेल सगळ्यांच्या पेटीत पडायचा, म्हणून मी आधी वाचला. तक्ता उघडून बघते तर खरंच. त्या देशानं रडारसाठी फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा बंद केला होता, आणि तो बंद झाल्याची नोंद काही वर्षांपूर्वी सरांनीच राजपत्र बघून घातली होती. आता तो पट्टा उघडा होता. गेल्याच आठवड्यात कुणीतरी उघडला होता. नाव बघितलं तर पाटोळे.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी टेबलावरूनच ओरडले असते. त्या दिवशी मी खुर्ची ओढून सरांजवळ बसले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे मी केलं?"

"हो, सर."

"मला वाटलं, कुणीतरी चुकून बंद केलंय. मला इतकं स्पष्ट आठवत होतं की तिथं परवानगी आहे." "राजपत्र डोळ्यांसमोर दिसत होतं, शैला. पानाच्या कोपऱ्यातला शिक्कासुद्धा." त्यांना दिसत होतं ते राजपत्र खरंच होतं, फक्त ते जुनं होतं. नंतरचं, स्वतःच शोधून काढलेलं, त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. ज्याला जुना नियम इतका पाठ नव्हता त्याच्याकडून ही चूक झालीच नसती.

त्यांनी चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि जगभरच्या मंडळींना कळवलं, की ही चूक माझी आहे आणि माझं कारण चुकीचं होतं. मालक म्हणाले, "अहो सर, नाव कशाला टाकलंत? कुणाला कळलंही नसतं." सर म्हणाले, "कळायला पाहिजे. आणखी कुठे हात लावलाय मी, ते त्यांनी शोधायला नको का?" मग ते काकूंबरोबर पुण्याला डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर आजाराचं नाव त्यांनी एकदाच उच्चारलं. स्मरणशक्तीचा होता, बरा होणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला कॅन्टीनच्या बाहेर लिंबाखाली बोलावलं. डबा उघडला नव्हता. म्हणाले, "आजपासून तक्ता तुझ्याकडे. माझा पासवर्ड बंद करून टाक. मंडळींना मी सांगितलंय."

मी म्हटलं, "सर, तुम्ही करा, मी मागून तपासते. दोघं मिळून बघू."

"नको. मी तुला पटवून देईन. मला फार चांगलं पटवता येतं, आणि तू माझं ऐकतेस." मग म्हणाले, "पुढं मी हे विसरणार. येऊन भांडेन. काय वाटेल ते बोलेन. तरी माझ्या हातात द्यायचं नाही."

"तुम्हाला कोण नाही म्हणणार, सर?"

"तू. तेवढ्यासाठीच तुला सांगतोय. बाकीचे भिडस्त आहेत."

मी त्यांना शब्द दिला. घरी गेल्यावर खूप रडले, पण शब्द दिला. वाटलं, बोलताहेत झालं, सर कशाला भांडतील माझ्याशी.

ते भांडले. नोकरी सोडल्यावर वर्षभरानं एका सकाळी वॉचमन धावत आला. "म्याडम, मंत्री आल्यात गेटवर. लई तापल्यात. मशीन द्या म्हनत्यात." मी गेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन उभे, रोजच्यासारखे. रिक्षानं एकटेच आले होते. मला बघून त्यांना हायसं वाटलं असावं. "शैला, बरं झालं आलीस. यांना सांग. माझं चालेना कॉम्प्युटरवर. पासवर्ड कुणी बदलला?"

"मी बदलला, सर. तुम्ही सांगितलं होतंत."

"मी?"

"लिंबाखाली. तुम्ही म्हणालात, की मी भांडायला आलो तरी द्यायचं नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की मला तो अजून आठवतो. रागापेक्षा वाईट होतं ते. "लिहून दिलंय मी?"

"नाही. तोंडी."

"तोंडी," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याजवळ बसलीस. तोंडी गोष्ट मी कधी मानलीय का? कागद दाखव, मी आत्ता जातो."

काय दाखवणार? त्यांनीच शिकवलेलं त्यांनी माझ्यापुढे टाकलं होतं, आणि त्यांच्या हिशेबानं त्यांचंच बरोबर होतं. आत सगळे काचेतून बघत होते. मालक बाहेर आले, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अगं, एक नुसता खोटा स्क्रीन लावून दे ना. बसू दे म्हाताऱ्याला तासभर." मला ते करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण सरांना खोटा तक्ता द्यायचा? दुसरं काहीही खोटं दिलं असतं, दूध म्हणून पाणी दिलं असतं, पण ते नाही. मी परत गेटवर गेले आणि म्हटलं, "कागद नाही, सर. तरी मी देणार नाही."

"माझ्याच जागेवर बसलीस," ते म्हणाले, "आणि मलाच बाहेर उभं केलंस. चोर आहेस तू."

काकू रिक्षा करून आल्या, त्यांना घेऊन गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, ते काही त्यांचं बोलणं नव्हे. मला कळत होतं. कळून काय उपयोग? मी टेबलाशी येऊन बसले आणि दिवसभर एक नोंदही केली नाही. हात लावायचीच लाज वाटायला लागली.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. गंमत बघा, बाकी सगळं विसरत होते, एवढं लक्षात राहिलं होतं. मी घरी गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. काकू म्हणायच्या, जरा वेळानं येऊन बघ. मी बाहेरच्या खोलीत चहा घेऊन परत यायचे. नाताळात काकूंनी करंज्या पाठवल्या, त्या मीच सगळ्यांना वाटल्या. माझ्या टेबलाशी येऊन दोन द्यायला कुणी नव्हतं. हळूहळू त्यांचा रागही गेला, कारण मी कोण हेच गेलं. एवढं वाईट झालेलं बरं वाटावं, अशी वेळ आली माझ्यावर.

पावसाळ्यात सर गेले. त्याच्या थोडं आधी मी शेवटची गेले होते. त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसवलं होतं त्यांना, चेहरा प्रसन्न. मी समोर स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, "तुम्ही कुठं असता, बाई?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाले. मी कंपनीचं नाव सांगितलं.

"तिथं एक तक्ता आहे. देशांचा. कोण बघतं?"

"मी बघते."

ते सावरून बसले. "सरकारचा कागद बघितल्याशिवाय घालत नाही ना?"

"नाही घालत."

"आणि मसुदा?"

"मसुदाही नाही."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग एकदम चेहऱ्यावर काळजी आली. खुर्ची माझ्याकडे सरकवून, कुणी ऐकू नये असं म्हणाले, "तिथं पाटोळे म्हणून एक जण आहे. चांगला माणूस आहे हो, पण हल्ली त्याचं चुकतं. त्याच्या हातात देऊ नका. मागायला येईल तो."

मी म्हणाले, "आला होता मागायला. गेटवर."

"मग? दिलंत?"

"नाही दिलं. तो मला चोर म्हणाला."

सरांनी हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला. "बरोबर केलंत, बाई," ते म्हणाले. "तुम्ही रडू नका. भेटला की मी सांगेन त्याला. समजूतदार आहे तो, ऐकेल माझं."